ओलांडलेली फळी

ती फळी मी आदल्या दिवशी संध्याकाळी बघितली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. जिन्याखाली सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतताना खालून दिलेला फळ्यांचा आधार, काढलेल्या फळ्यांचा ढीग होता, त्यातली एक फळी घसरून अगदी वाटेत आलेली, आणि तिच्यातून दोन खिळे सरळ वर डोकावत होते. मी ऑफिसमधून सुटून नेहमीसारखी आमच्या घराचं बांधकाम बघायला गेले होते, हातात फोन, स्लॅबखालचा भाग आज पहिल्यांदाच मोकळा दिसत होता त्याचे फोटो काढायचे होते. फळी दिसली, खिळे दिसले, मी ओढणी सावरली आणि पाय उंच उचलून ओलांडून पुढं गेले. मनात "कुणाला तरी लागेल हां हे" असं आलंसुद्धा. आलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मिस्त्रीकाकांचा फोन आला. वाळू वाहणाऱ्या मावशींच्या पायात खिळा घुसला होता, चपलेचा तळ फोडून थेट पावलात.

मी पोचले तेव्हा त्या विटांच्या थप्पीला टेकून बसल्या होत्या, कुणीतरी पायाला फडकं गुंडाळलेलं, आणि त्या मलाच समजावत होत्या की ताई, काही नाही हो, होतं असं. डोक्यावर भरलेलं घमेलं असतं ना, तेव्हा माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. मान ताठ, नजर समोर, एक हात वर. खाली काय पडलंय ते पावलालाच कळतं, आणि तेही पाय टेकल्यावर. इतकी साधी गोष्ट, पण तोवर कधी माझ्या डोक्यातच आली नव्हती, कारण त्या साइटवर मी कधी डोक्यावर काही घेऊन चाललेच नव्हते. मी मोकळ्या हातानं आणि चांगल्या बुटांनी चालत होते, त्यामुळे मला ओलांडता येत होतं.

डॉक्टरांनी जखम धुताना एक गोष्ट सांगितली, ती तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते. धनुर्वात गंजामुळे होत नाही. नवाकोरा चकचकीत खिळा घुसला तरी होऊ शकतो. धनुर्वाताचे जंतू मातीत, धुळीत, शेणात सुप्त बीजासारखे पडून असतात, वर्षानुवर्षं टिकतात, आणि खिळ्याची जखम अशी अरुंद नि खोल असते की आत हवा पोचत नाही, त्यांना नेमकं तेच लागतं. म्हणून वरून जखम छोटी दिसली, रक्त फार आलं नाही, तरी तिला किरकोळ समजायचं नाही. साधारणपणे दर १० वर्षांनी बूस्टर घ्यायचा असतो, आणि जखम खोल, मातीनं भरलेली असेल तर शेवटचा डोस ५ वर्षांपेक्षा जुना असला तरी पुन्हा देतात. मावशींना विचारलं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तर त्या आठवायला लागल्या आणि आठवेचना. मग साइटवरच्या बाकी सगळ्यांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. पुढच्या दोन दिवसांत सगळ्यांना नेऊन इंजेक्शनं देऊन आणली. खरं तर काम सुरू व्हायच्या पहिल्या दिवशी करायची ही गोष्ट, आम्ही केली सहाव्या महिन्यात.

त्या संध्याकाळी मी कॉन्ट्रॅक्टरशी चांगलीच भांडले. तो म्हणाला फळ्या सेंट्रिंगवाल्यांच्या, त्यांनी उचलायच्या. सेंट्रिंगवाले म्हणाले आम्ही काढून ढीग घातला होता, कुणी ओढली माहीत नाही. मिस्त्रीकाका म्हणाले माझं काम बांधकामाचं. आणि यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं, हे मला घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर कळलं. त्या एका फळीवरून दिवसभरात निदान पंधरा माणसं गेली असतील, प्रत्येकाला ती दिसली असेल, प्रत्येकाला ती दुसऱ्या कुणाची तरी वाटली असेल, आणि प्रत्येकानं पाय उंच उचलला असेल. माझ्यासकट. त्यात ते घर तर माझं होतं.

तेव्हापासून साइटची सुरक्षा आणि साइटची स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटेनासंच झालं. हेल्मेट, पट्टा, बोर्ड हे सगळं हवंच, पण अपघात बऱ्याचदा पायाखालच्या पसाऱ्यात आधीच येऊन बसलेला असतो, कुणाची तरी वाट बघत.

पहिला नियम फळ्यांचाच केला. खिळा असलेली फळी जमिनीवर ठेवायचीच नाही. फळी निघाली की जिथं निघाली तिथंच, खाली टाकायच्या आधी, खिळा उपसायचा, आणि उपसायला वेळ नसेल तर दोन ठोके घालून आडवा वाकवायचा. मिस्त्रीकाका म्हणाले, "दोन ठोक्यांचं काम आहे ताई, पण त्यासाठी हातोडी हातात पायजे, आणि फळी काढणाऱ्याच्या हातात पहार असते." बरोबर होतं त्यांचं. मग फळ्या काढायच्या दिवशी एक माणूस फक्त खिळ्यांसाठी ठेवायचा असं ठरलं, शेजारी पत्र्याचा एक जुना डबा, निघालेले खिळे त्यात. तो डबा पुढं साइट संपेपर्यंत होता. चार वेळा भरला.

दुसरी गोष्ट जास्त अवघड निघाली. मला रोज संध्याकाळी काम संपायच्या आधी सगळ्यांनी मिळून वीस मिनिटं आवराआवर करायला हवी होती. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, मॅडम, साइट आहे ही, हॉल नाही, उद्या परत घाण होणारच. आणि मजुरांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचंही खरं, दिवसभर राबून शेवटी पाठीत काही उरत नाही, तेव्हा सुट्टीनंतर थांबून झाडा असं सांगणं म्हणजे अन्यायच. मग आम्ही असं केलं की काम अर्धा तास आधी थांबवायचं आणि आवरायचा वेळ मजुरीच्या वेळातच धरायचा. हे मालकानं स्वतः कबूल करावं लागतं. फुकटात कुणाकडून साफसफाई करून घ्यायची आणि ती मनापासून व्हावी अशी अपेक्षा करायची, हे चालत नाही. पहिला आठवडा नुसती कुरकुर. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मिस्त्रीकाका आपणहून म्हणाले की हल्ली थापी शोधावी लागत नाही. तोपर्यंत रोज सकाळचा बराच वेळ ओळंबा कुठाय, पाटा कुठाय, ग्राइंडरची चावी कुणी नेली यातच जायचा. एकदा तर वाळलेल्या मालाच्या ढेपेत अख्खी थापी निघाली होती.

पसाऱ्याचं मूळ बहुतेक वेळा असं असतं की वस्तूला जागाच नसते. ट्रक येतो, ड्रायव्हरला सोयीचं पडेल तिथं वाळू ओततो, विटा उतरवणारे दाराशीच उतरवतात, सळया जिथं लांबीला जागा मिळेल तिथं. मग चालायची वाट उरलेल्या फटींमधून तयार होते. आम्ही उलटं केलं, आधी वाट आखली. गेटपासून जिन्यापर्यंत तीन-साडेतीन फूट रुंद, दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ, त्या पट्ट्यात काहीही ठेवायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. दोन माणसं घमेली घेऊन समोरासमोर आली तर कुणाला विटेवर चढावं लागू नये एवढी ती हवी. मग वाळूला आणि खडीला तीन बाजूंनी विटांचा आडोसा, नाहीतर पहिल्या पावसात वाळू पसरून गटारात जाते, गटार तुंबतं आणि अख्ख्या गल्लीचे शिव्याशाप मिळतात. सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून वर, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि दहाच्या वर थर नाही. खालच्या गोण्या दाबानं दगड होतात हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे पन्नास किलोची गोणी छातीच्या वरून ओढताना कलंडली तर सरळ माणसावर येते. विटांची थप्पीसुद्धा खांद्याइतकी उंच नको, आणि नव्या स्लॅबवर तर अजिबात नको. काँक्रीट वरून वाळलेलं दिसतं म्हणून लोक वर माल चढवायला लागतात, पण त्याची ताकद आठवड्यांच्या हिशेबानं येते, २८ दिवसांच्या ताकदीवर इंजिनिअर गणित मांडतात ते उगाच नाही.

सळयांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. कॉलमच्या पुढच्या मजल्यासाठी वर सोडलेल्या सळया, त्यांची टोकं उभी असतात, छातीच्या, पोटाच्या, खाली वाकलात तर डोळ्याच्या उंचीला. कुणी वरच्या फळीवरून घसरलं आणि त्यावर पडलं तर काय होईल याचा विचारही नको वाटतो. आमच्याकडं त्यावर पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या उपड्या घातल्या होत्या, आणि मला ते बघून फार बरं वाटलं होतं, चला, काळजी घेतलीय. नंतर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरनं समजावलं की बाटलीनं टोक दिसतं, ओरखडा वाचतो, पण वरून माणूस पडला तर सळई बाटली फोडून आत जाणारच. त्यासाठी आत लोखंडी चकती असलेल्या रुंद टोप्या मिळतात, किंवा टोकांवर लांबच लांब जाड लाकडी पट्टी नीट बांधून घ्यायची म्हणजे भार एका टोकावर येत नाही. बाटली काहीच नसण्यापेक्षा बरी, पण तिच्यावर विसंबून वर काम करू नये. बाइंडिंग वायरचे, म्हणजे सळया एकमेकींना बांधायच्या तारेचे, तुकडे हा असाच दुर्लक्ष होणारा प्रकार. वीतभर लांबीचे, चपलेत अडकणारे, घोट्याला ओरबाडणारे. ते झाडूनं निघत नाहीत, मातीत घुसून बसतात. आम्ही दोरीला मोठं लोहचुंबक बांधून ओढायला लागलो तेव्हा पहिल्याच फेरीत जे निघालं ते बघून मिस्त्रीकाकांसह सगळे गप्प झाले.

आता धूळ. यावर मी इतकं बोलते की घरचे कंटाळलेत, पण बोलणारच. रोज झाडायचं ठरल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांनी जोरात कोरडं झाडलं, आणि अख्खा मजला पांढरा धूर झाला. दहा मिनिटांनी सगळं पुन्हा खाली बसलं, आणि आम्हाला वाटलं साफ झालं. वाळू, खडी, काँक्रीट, वीट, ग्रॅनाइट, बऱ्याचशा टाइल्स, या सगळ्यांत सिलिका असते, आणि कापताना-घासताना त्याची जी अगदी बारीक धूळ उडते ती श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. डोळ्याला दिसणारी जाडी धूळ नाकातच अडकते, शिंकेतून निघून जाते. घात करते ती न दिसणारी, काही मायक्रॉनची, तासन्तास हवेत तरंगणारी. तिच्यामुळे सिलिकोसिस होतो, फुप्फुस आतून कडक होत जातं, आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्येच ही धूळ माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. आणि आमच्या साइटवर टाइल कापणारा वीस-बावीस वर्षांचा मुलगा तोंडाला रुमाल बांधून, उकिडवा बसून, ग्राइंडर अगदी चेहऱ्याजवळ धरून कापत होता. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. रुमालातून ती बारीक धूळ आरपार जाते. त्याला विचारलं तर म्हणाला मास्कमध्ये गुदमरतं.

उपाय काही महाग नव्हता. पाणी. कापताना पात्यावर बारीक धार सोडली की धूळ उडायच्या ऐवजी चिखल होऊन खाली गळते. त्यासाठी पाण्याची सोय असलेलं कटर वापरायचं, साध्या ग्राइंडरवर पाणी ओतायचं नाही, कारण आत पाणी गेलं की शॉक बसायची भीती. झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं. राडारोडा उचलायच्या आधी ओला करायचा, वरून खाली फेकायचा नाही. मास्क एन ९५, चेहऱ्याला घट्ट बसणारा, नाकावरची पट्टी दाबून. तो मुलगा मास्क घालायला लगेच तयार झाला नाही, पण ओल्यानं कापायला तयार झाला कारण त्यात पातं जास्त टिकतं. कारण काहीही असो, धूळ थांबली.

ओल्या सिमेंटचं मला काहीच माहीत नव्हतं. एका दुपारी कोबा करणारा माणूस गुडघे टेकून काम करत होता, पँट गुडघ्याला ओली, आणि तो तीन-चार तास तसाच. संध्याकाळी गुडघ्याची कातडी लाल, सोललेली. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो, आपल्या त्वचेचा साधारण साडेपाच, म्हणजे हा पदार्थ चांगलाच दाहक आहे, फक्त लागता क्षणी चटका देत नाही. हळूहळू खात जातो आणि कळतं तेव्हा खोल गेलेलं असतं. रबरी हातमोजे, गमबूट, गुडघ्याखाली जाड पॅड, आणि अंगावर पडलं की काम टाकून लगेच भरपूर स्वच्छ वाहतं पाणी. सिमेंट भिजलेले कपडे अंगावर ठेवायचे नाहीत. डोळ्यात उडालं तर वीस मिनिटं धुवत राहायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा. त्यासाठी नळ माल कालवायच्या जागेजवळच हवा, आमचा होता गेटपाशी.

पाया खोदला तेव्हा यातलं काहीच मला कळत नव्हतं, आणि आज त्या दिवसाचा फोटो बघवत नाही. फोटोत आम्ही दोघं हसतोय, मागं खड्डा, त्यात डोक्याइतक्या खोल एक माणूस उभा, आणि काढलेली सगळी माती खड्ड्याच्या अगदी काठावर रचलेली. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते, लहान मोटारीपेक्षा जड. कड ढासळली तर माणूस कमरेपर्यंत गाडला गेला तरी त्याला ओढून काढता येत नाही, आणि छातीपर्यंत गेला तर श्वास घेता येत नाही. माती काठापासून निदान दोन फूट लांब टाकायची, खोल खड्ड्याच्या बाजू उतरत्या करायच्या किंवा टेकू द्यायचा, आत शिडी ठेवायची, पाऊस पडून गेल्यावर कड तपासल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. आमचं काही झालं नाही, ते निव्वळ नशीब.

स्लॅबमध्ये ठेवलेली भोकं म्हणजे डक्ट, जिन्याची जागा, पाइपांची. ती झाकायची हे सगळ्यांना माहीत असतं, प्लायचा तुकडा टाकतात. आता गोष्ट अशी होते की कुणाला तरी प्लाय हवा असतो, त्याला तो जमिनीवर पडलेला दिसतो, तो दोन्ही हातांनी समोर धरून उचलतो आणि एक पाऊल पुढं टाकतो. समोर प्लाय असल्यामुळे खालचं भोक त्याला दिसत नाही. हा प्रकार जगभर घडतो, सुरक्षिततेच्या प्रशिक्षणात तो आवर्जून शिकवतात. म्हणून झाकण ठोकून पक्कं करायचं, हलता कामा नये, माणसाचं वजन पेलेल इतकं जाड हवं, आणि त्यावर मोठ्या लाल अक्षरात "खाली भोक आहे" असं लिहायचं. आमच्याकडं वाचता न येणारेही होते, मग लाल फुली मारली आणि सगळ्यांना तिचा अर्थ सांगितला.

जिन्याला रेलिंग सगळ्यात शेवटी लागतं, आणि तोवर वर्षभर त्याच जिन्यानं सगळे वर-खाली करतात, हे मला अजून पटत नाही. पहिल्या दिवसापासून तात्पुरता कठडा हवा, कमरेच्या वर म्हणजे साधारण साडेतीन फुटांवर एक आडवा बांबू, मध्ये अजून एक, आणि खाली पायापाशी पट्टी, म्हणजे वस्तू घरंगळत नाहीत. आमच्याकडं तो बांधला गेला सासरे घर बघायला आले तेव्हा. ते येणार म्हणून आदल्या दिवशी मी घाईनं बांधून घेतला, आणि रात्री मनात आलं की रोज डोक्यावर ओझं घेऊन वीस वेळा चढणाऱ्या माणसांसाठी नाही सुचलं, घरचं माणूस एकदा येणार तर सुचलं. हे मी नवऱ्याजवळ बोलले तेव्हा तोही बराच वेळ काही बोलला नाही.

उंचीचा एक हिशेब मात्र सगळ्यांनी करून बघावा. दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, अर्धी वीट निसटली तर खाली पोचेपर्यंत तिचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. म्हणून वर काम चालू असताना खालची जागा दोरी बांधून बंद, आणि गेटच्या आत आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, मालकीणबाईंच्याही. परांचीवर सुट्या विटा, हत्यारं काठाला ठेवायची नाहीत. शिडी लावताना चार फूट उंचीला एक फूट पाया, म्हणजे बारा फूट वर टेकवली तर पाय भिंतीपासून तीन फुटांवर, आणि वरचं टोक पोचायच्या जागेच्या तीन फूट वर, बांधलेलं.

विजेचं थोडक्यात. सॉकेटमध्ये उघड्या वायरी खोचून त्यात काडी अडकवणं, हे मी माझ्या साइटवर तीनदा पकडलं, तिन्ही वेळा वेगळी माणसं. आणि खाली क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला मारलेलं, पाणी, त्यातून लोळणारी केबल, चिकटपट्टी लावलेले जोड. तात्पुरत्या कनेक्शनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, करंट भलत्या वाटेनं जमिनीत जायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद पाडतो, आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा. केबल खुंट्यांना टांगून डोक्याच्या वरून न्या. आमचा आरसीसीबी पहिल्या आठवड्यात सारखा पडायचा, सगळे वैतागले, काढून टाका म्हणाले. तपासलं तर काँक्रीट हलवून नीट बसवायच्या व्हायब्रेटरच्या केबलचं आवरण आतून फाटलं होतं. ते यंत्र ओल्या काँक्रीटमध्ये उभं राहून, दोन्ही हातांनी धरून चालवतात.

पाणी साठतं तिथं दोन धोके. मुलं बादलीभर पाण्यातही बुडू शकतात, त्यामुळे हौद, ड्रम, भूमिगत टाकी, सगळ्यांना कुलूपबंद झाकण हवं, आणि सुट्टीच्या दिवशी गेट बंद. आणि दुसरं म्हणजे डास, अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं करून, घासून, कोरडं करायचं. लिफ्टचा खड्डा, स्लॅबवरची क्युरिंगची तळी, पडलेल्या डब्यांची झाकणं, सगळं त्यात आलं.

सगळ्यात उशिरा लक्षात आलेली गोष्ट म्हणजे संडास. कामावरच्या बायका दिवसभर फार कमी पाणी पितात हे मला मावशींचा पाय बरा होत असताना त्यांच्याशी गप्पा मारताना कळलं. जायला जागा नाही, म्हणून प्यायचंच नाही. भर उन्हात, स्लॅबच्या दिवशी, घोट घोट. त्यानं चक्कर येते, लघवीची जळजळ होते, तोल जातो, आणि डोक्यावर वीस किलो असताना तोल जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मी सहा महिने रोज तिथं जात होते, स्वच्छतेच्या गोष्टी करत होते, आणि माणसांच्या स्वच्छतेचा विचारच केला नव्हता. चार दिवसांत पत्र्याचा, आतून कडी असलेला संडास उभा राहिला, शेजारी हात धुवायला नळ नि साबण, सावलीत प्यायच्या पाण्याचा झाकलेला पिंप. एवढं करायला चार दिवस लागले, तर आधीच्या सहा महिन्यांचं काय उत्तर देणार. नवीन घर बांधणारं कुणीही भेटलं की मी आधी हेच विचारते, पाया खोदायच्या आधी बाईमाणसांची सोय केलीत का.

मावशी तीन आठवड्यांनी कामावर आल्या, ते दिवस त्यांची मजुरी चालू ठेवली होती, तेवढं तरी आम्ही नीट केलं. आल्या तेव्हा पायात आम्ही दिलेले जाड तळाचे बूट होते, आत पोलादी पत्रा असलेले. पहिले दोन दिवस जड वाटतात म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी संध्याकाळी गेले तर त्या खिळ्यांचा डबा मांडीशी घेऊन बसल्या होत्या आणि एकेक वाकडा खिळा दगडावर ठेवून सरळ करत होत्या, परत वापरायला. म्हणाल्या, बसून करायचं काम आहे, पाय दुखला की हे करते.

राहायला येऊन आता दोन वर्षं झाली. बागेतली माती उकरताना अजून मधूनच एखादा वायरचा तुकडा निघतो, मुलाला अनवाणी जाऊ देत नाही तिथं. गेल्या महिन्यात शेजारच्या प्लॉटवर काम सुरू झालं, परवा स्लॅबची सेंट्रिंग काढली. काल संध्याकाळी कंपाउंडवरून बघितलं तर फळ्यांचा ढीग, आणि त्यातली एक अलीकडं, वाटेवर, खिळे वर. मालक ओळखीचा नाही, कॉन्ट्रॅक्टरही नाही, वॉचमन कुठं दिसेना. मी घरातून हातोडी घेतली, गेट ढकलून आत गेले आणि फळी उलटी करून खिळे आडवे केले. चार होते. ढिगात अजून बऱ्याच फळ्या होत्या, अंधार पडत आला होता, म्हणून नवऱ्याला हाक मारून टॉर्च घेऊन यायला सांगितलं.